धावत्या हाताचा ठसा: सेरिफ इटॅलिक कसा काढायचा, कुठे वापरायचा

संगणकावर ओळ निवडायची आणि तिरक्या 'आय'चे बटण दाबायचे, अशी बहुतेकांची इटॅलिकशी पहिली ओळख होते. त्यातून "अक्षर उजवीकडे कलवले की इटॅलिक" ही समजूत घट्ट बसते. टाइप डिझाइन शिकू लागलेले विद्यार्थीही तिथूनच सुरुवात करतात: रोमनची, म्हणजे नेहमीच्या सरळ उभ्या अक्षरांची, प्रत काढायची, १२ अंशांनी कलवायची, फाइलला इटॅलिक नाव द्यायचे. असे अक्षर छापून आले की काय खटकते ते वाचणाऱ्याला नेमके सांगता येत नाही, पण खटकते खरे.

मोडी येणाऱ्याला हा मुद्दा चटकन कळतो. मोडी म्हणजे काही कलवलेली बाळबोध (देवनागरी) नव्हे. बाळबोध सावकाश, एकेक अक्षर सुटे लिहायची. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून ठेवायची आणि मग हात शक्यतो न उचलता लिहीत जायचे. वेगामुळे अक्षरांचे वळण बदलले, कोपरे गोल झाले, काही अक्षरे तर मूळ अक्षराशी नाते सांगणार नाहीत इतकी वेगळी झाली. रोमन आणि इटॅलिकचे असेच आहे. रोमन हा थांबत थांबत लिहिणारा हात, इटॅलिक हा धावता हात. कल हा त्या धावण्याचा एक परिणाम, आणि तोही सगळ्यात महत्त्वाचा नाही. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

काही शब्द आधीच ठरवून घेऊ. 'लहान' म्हणजे इंग्रजीची लोअरकेस अक्षरे. बेसलाइन म्हणजे अक्षरे जिच्यावर बसतात ती रेघ. एक्स-उंची म्हणजे लहान एक्सची बेसलाइनपासूनची उंची. दांडा म्हणजे अक्षराची उभी जाड रेघ. सेरिफ म्हणजे रेघेच्या टोकाशी येणारी छोटी आडवी रेघ. युनिट म्हणजे फॉन्टच्या चौकटीचा हजारावा भाग. १० पॉइंटला लावलेल्या फॉन्टमध्ये १००० युनिट म्हणजे १० पॉइंट.

मूळ कुठले

पंधराव्या शतकात इटलीतले विद्वान लॅटिन ग्रंथ भराभर उतरवून घेताना एक चपळ, किंचित कललेला हात वापरत. फ्लॉरेन्सच्या निक्कोलो निक्कोलीचे अक्षर त्यातले सगळ्यात प्रसिद्ध. पुढे व्हेनिसचा प्रकाशक आल्दुस मानुतिउस याच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफ्फो याने या हाताचे पंच (खिळे घडवायचे कोरीव पोलादी ठसे) कापले आणि १५०१ मध्ये लॅटिन कवी व्हर्जिलचे अख्खे पुस्तक त्या टाइपात छापून निघाले. हातात मावेल असे, अष्टपत्री आकाराचे.

या पुस्तकातल्या दोन गोष्टी शिकणाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. एक, इथे इटॅलिक कशावर भर देण्यासाठी नव्हता. सगळे पुस्तकच त्यात होते. इटॅलिक हा रोमनचा मदतनीस नंतर झाला. दोन, तिरकी होती ती फक्त लहान अक्षरे. कॅपिटल सरळ उभी आणि आकाराने बुटकी होती. तिरकी कॅपिटल पुढे आली. सोळाव्या शतकात रोबेर ग्रांजाँ या फ्रेंच पंचकाराने कापलेले इटॅलिक इतके देखणे होते की आजच्या अनेक 'गॅरामाँड' फॉन्टमध्ये रोमन क्लोद गॅरामाँडच्या वळणाचा आणि इटॅलिक ग्रांजाँच्या वळणाचा असतो. १९८९ चा अ‍ॅडोबी गॅरामाँड तसाच आहे, आणि फुकट मिळणारा ई. बी. गॅरामाँडही. म्हणजे आज आपण जोडी म्हणून वापरतो ते दोन टाइप मुळात दोन वेगळ्या माणसांचे आहेत. ज्यांना रोमन आणि इटॅलिक 'एकसारखे' दिसले पाहिजेत असा आग्रह धरावासा वाटतो, त्यांनी हे विसरू नये.

पहिली पायरी: कागदावर

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी निदान आठवडाभर हाताने लिहा. मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तके मिळतात. त्यातले १९७० च्या आधी छापलेले एखादे घ्या, प्रस्तावना किंवा तळटिपांत इटॅलिक शोधा आणि दहापट भिंगाखाली ठेवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत शाई कडेला पसरलेली दिसेल, पण अक्षर कुठून सुरू झाले आणि हात कुठे निघून गेला तेही दिसेल.

लिहायला सपाट टोकाचे पेन हवे. २.४ मिलिमीटरचे पॅरलल पेन चांगले. ते नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने घट्ट बांधा. दोन टोकांच्या दोन रेघा उमटतात आणि जाड-बारीक कसे घडते ते उघडे दिसते. बोरूने देवनागरी गिरवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. देवनागरीच्या बोरूचा काप इंग्रजीच्या निबेच्या उलट दिशेने तिरका असतो, त्यामुळे जाडी नेमकी नको तिथे पडते. या कामाला वेगळा, सरळ कापाचा बोरू ठेवा.

एक्स-उंची निबेच्या रुंदीच्या पाचपट घ्या, म्हणजे १२ मिलिमीटर. वर जाणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या भागांसाठी प्रत्येकी आणखी चार निबा. निब बेसलाइनशी ४५ अंशांत धरा आणि कागद फिरला तरी तो कोन सोडू नका. उभ्या दिशेला ७ अंश कललेल्या पुसट रेघा आखून घ्या.

आता लहान एन. हे एक अक्षर जमले तर निम्मा इटॅलिक हाती आला, म्हणून इथे घाई नको. वरून छोटासा तिरका प्रवेश, मग दांडा सरळ खाली बेसलाइनपर्यंत. पेन उचलायचे नाही. त्याच दांड्यातून वर चढायचे, आणि साधारण अर्ध्या उंचीवर उजवीकडे फुटायचे. ४५ अंशांच्या निबेने वर-उजवीकडे जाताना रेघ केसासारखी बारीक होते. कमान वर पोचून वळते, दुसरा दांडा खाली येतो आणि तळाशी एक लहान हलका झोक देऊन निघून जातो. आतल्या पांढऱ्या जागेकडे पाहा: ती गोलाईची नाही, वर उजवीकडे फुगलेली आणि वर डावीकडे निमुळती आहे.

बहुतेकांची चूक कमानीच्या फुटण्यात होते. रोमन एनमध्ये कमान दांड्याच्या अगदी वरच्या टोकापासून निघते, डोळ्याला तीच सवय असते, आणि हात तिथे जातो. मग कितीही कलवा, अक्षर उभ्या चालीचेच राहते. कमान खोलवर फुटली की अक्षर ७ अंशांनीच काय, अजिबात कललेले नसले तरी इटॅलिक वाटते. खात्री करायची तर कागदावर न कलता सरळ उभा एन या पद्धतीने काढून बघा.

एन उलटा फिरवला की यू. त्याच यूचे तोंड वर बंद केले की ए, आणि एला उंच दांडा दिला की डी, खाली शेपटी दिली की क्यू आणि जी. एनच्या बाजूने एच, एम, आर, बी, पी. दोन कुटुंबांत बरीचशी लिपी बसते. रोमनमध्ये दुमजली असणारा लहान ए इथे एकमजली होतो तो याच कारणाने: धावत्या हाताला वरचा मजला बांधायला वेळ नाही. एफ बेसलाइनच्या खाली उतरतो, तोही त्याच झोकात. आणि दांड्यांच्या पायाशी रोमनसारख्या दोन्ही बाजूंच्या सपाट सेरिफ येत नाहीत. तिथे हात येतो आणि जातो त्याच्या खुणा असतात.

दुसरी पायरी: आकडे ठरवणे

रेखाटन चांगले जमले की लगेच ट्रेस करायचा मोह होतो. थांबा. ज्या रोमनशेजारी हा इटॅलिक बसायचा आहे त्याची मापे आधी लिहून काढा आणि इटॅलिकची चार मापे ठरवा: कल, रुंदी, जाडी, उंची.

नमुना म्हणून अ‍ॅडोबीचा जुना पोस्टस्क्रिप्ट टाइम्स फॉन्ट घेऊ, कारण त्याचे आकडे सगळ्यांना तपासता येतात. रोमनची एक्स-उंची ४५० युनिट, इटॅलिकची ४४१. कॅपिटलची उंची ६६२ आणि ६५३. दांड्याची जाडी ८४ आणि ७६, म्हणजे इटॅलिक जवळजवळ दहा टक्के बारीक. कल १५.५ अंश. कॅपिटल एची रुंदी ७२२ वरून ६११ वर आलेली. लहान व्ही ५०० वरून ४४४, एम ७७८ वरून ७२२. पण लहान ए मात्र ४४४ वरून ५०० झालेला, कारण त्याचा साचाच बदलला! सगळी अक्षरे सरसकट दाबून अरुंद करणाऱ्याला ही शेवटची नोंद बरेच काही शिकवते.

दांडा बारीक का? अक्षरे अरुंद झाली की आतली पांढरी जागा कमी होते, जाडी तीच ठेवली तर ओळ काळवंडते. डोळ्याला रोमन आणि इटॅलिकची ओळ सारख्याच राखाडी दिसायला हव्यात, पट्टीवर जाडी सारखी भरण्याला काही अर्थ नाही.

पहिल्या फॉन्टसाठी सुचवण्याजोगी मापे: कल ८ ते १२ अंश, लहान एनची रुंदी रोमनच्या ८५ ते ९० टक्के, दांडा ९० ते ९५ टक्के, एक्स-उंची तेवढीच किंवा किंचित कमी. कल १६-१७ च्या पुढे नेऊ नका. कमी कलाची भीती बाळगू नका. वळण खरे असेल तर ६ अंशही भरपूर होतात.

तिसरी पायरी: पडद्यावर

ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा फुकट हवे असेल तर फॉन्टफोर्ज, फॉन्ट काढायचे कुठलेही सॉफ्टवेअर चालेल. कागदावरचे अक्षर ६०० डीपीआयला स्कॅन करून मागे ठेवा, पण ऑटोट्रेस करू नका, म्हणजे यंत्राकडून आपोआप गिरवून घेऊ नका. त्यातून प्रत्येक अक्षराला शंभर पॉइंट (कडेचा आकार ठरवणारे बिंदू) मिळतात आणि एकही गोलाई नितळ राहत नाही. लहान ओच्या बाहेरच्या गोलाला चार पॉइंट पुरतात: सगळ्यात वर, सगळ्यात खाली, डावे टोक, उजवे टोक.

सुरुवात आठ अक्षरांनी करा: ए, डी, एच, ई, एस, आय, ओ, एन. यात उभे दांडे, गोल, कमान, उंच दांडा आणि सगळ्यात त्रासदायक एस, हे सगळे येते, शिवाय त्यातून खरे शब्द तयार होतात. या आठांचा रंग, म्हणजे ओळीचा राखाडीपणा, एकसारखा होईपर्यंत नवव्याला हात लावायचा नाही. घाईने सव्वीस काढून ठेवली की एनची एक दुरुस्ती दहा ठिकाणी करत बसावी लागते.

लहान अक्षरे नव्यानेच काढायची. कॅपिटल मात्र रोमनची कलवून सुरुवात करता येते, परंपरेलाही ते धरून आहे. पण नंतरची दुरुस्ती टाळता येत नाही. कलवल्यावर काय बिघडते ते ओ या कॅपिटलवर पाहा. वरचा-उजवा आणि खालचा-डावा भाग ताणला जाऊन जाड होतो, वरचा-डावा आणि खालचा-उजवा भाग दाबला जाऊन हडकुळा होतो. वर्तुळ नसून ओढून ताणलेली पिशवी वाटते. टोकाचे पॉइंट टोकावरून सरकतात. ते काढून नव्या टोकांवर बसवावे लागतात, नाहीतर कमी रिझोल्यूशनला कडा फाटतात. उभे दांडेही बारीक होतात, १२ अंशांना सुमारे २ टक्के. एस आणि सी मध्ये हे ओपेक्षा जास्त डोळ्यावर येते. कॅपिटल 'ए'मध्ये उजवा जाड पाय जवळजवळ उभा होतो आणि डावा बारीक पाय लोळतो. अशा वेळी शेंड्यापासून दोन पायांच्या मध्यबिंदूपर्यंत एक रेघ कल्पून ती तुमच्या कलाशी जुळते का तेवढे बघा, आणि उरलेले डोळ्यावर सोडा. कॅपिटल लहान अक्षरांपेक्षा १-२ अंश कमी कललेली ठेवली तर शब्दाच्या आरंभी ती पुढे कोसळल्यासारखी वाटत नाहीत.

आणखी एक गणित. १२ अंशांना बेसलाइनपासून कलवले तर ४५० युनिटांवरचा बिंदू ९६ युनिट उजवीकडे जातो. सगळा मजकूर चौकटीत उजवीकडे सरकतो, रोमननंतर आलेला इटॅलिक शब्द दूर उभा राहिल्यासारखा दिसतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. म्हणून कलवण्याचा आस बेसलाइनवर न ठेवता एक्स-उंचीच्या मध्यावर ठेवा, किंवा नंतर सगळी अक्षरे त्याच्या निम्मी, म्हणजे ४८ युनिट डावीकडे घ्या.

अँपरसँडसाठी (&) एक दिवस राखून ठेवा. लॅटिनमधल्या 'आणि' या अर्थाच्या 'एत्' शब्दाची ई आणि टी ही दोन अक्षरे एकमेकांत गुंतून ते चिन्ह झाले, आणि इटॅलिकमध्ये ती दोन्ही अजून दिसतात. जुन्या टाइपांत पंचकाराने सगळ्यात मोकळा हात इथे सोडलेला असतो.

चौथी पायरी: अंतरे

इटॅलिकचे अंतर रोमनहून किंचित घट्ट असते. एन ओळीने वीस वेळा टाइप करा, मग एन-ओ-एन-ओ. दांड्यांचे पट्टे सारख्या अंतरावर यायला हवेत. कागदावर छापून पान उलटे धरा, अक्षरे वाचायची सवय सुटते आणि पांढऱ्या फटी दिसू लागतात.

खरा त्रास एफचा. त्याचे डोके उजवीकडे आणि शेपूट डावीकडे चौकटीबाहेर जाते. खिळ्यांच्या काळात हा बाहेर आलेला भाग शेजारच्या खिळ्यावर टेकायचा आणि दाब पडला की मोडायचा. तो लोंबता भाग म्हणजेच 'कर्न', कर्निंग (अक्षरांच्या ठरावीक जोड्यांमधले अंतर जुळवणे) या शब्दाचे मूळ. एफ-आय, एफ-एल, दोन एफ ही जोडाक्षरे त्याच अडचणीतून आली. आज मोडत काही नाही, पण टक्कर होतेच: एफनंतर बंद कंस, अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह. या जोड्या एकेक करून तपासा.

पण एका ठिकाणी फॉन्ट बनवणारा काहीच करू शकत नाही. इटॅलिक एफ आणि त्यापुढचा रोमन कंस ही दोन वेगळ्या फॉन्टांतली अक्षरे, आणि कर्निंग एका फॉन्टमधून दुसऱ्यात जात नाही. तिथे पान लावणाऱ्यालाच हाताने केसभर जागा सोडावी लागते.

पाचवी पायरी: फाइलची नोंदणी

इथली चूक सगळ्यात लाजिरवाणी, कारण काम चांगले झालेले असते. फॉन्टच्या माहितीत इटॅलिकचा कोन उणे लिहायचा असतो: उजवीकडे १० अंश कललेल्या फॉन्टला उणे १०. अधिक लिहिले तर लेखन-कर्सर उलट्या बाजूला कलतो. रोमन आणि इटॅलिक दोघांचे कुटुंबनाव अक्षरशः एकच हवे, आणि शैलीच्या जागी रेग्युलर व इटॅलिक. ही सांगड तुटली तर वर्डसारखा प्रोग्राम इटॅलिकचे बटण दाबताच रोमनलाच कलवतो, किंवा तुमच्या खऱ्या इटॅलिकला आणखी कलवतो. दुसऱ्या प्रकारात अक्षरे वीस-बावीस अंशांवर लोळतात आणि दोष डिझाइनचा समजला जातो.

आता वापर

ज्यांना फॉन्ट काढायचा नाही, फक्त पाने लावायची आहेत, त्यांनी इथून वाचले तरी चालेल. इंग्रजी मजकुरात पुस्तकांची, नियतकालिकांची, जहाजांची नावे इटॅलिकमध्ये जातात. जहाजात फक्त नाव: आयएनएस विक्रांत लिहिताना 'आयएनएस' सरळ, 'विक्रांत' इटॅलिक. वनस्पती-प्राण्यांच्या शास्त्रीय नावात प्रजाती आणि जाती दोन्ही इटॅलिक, पुढे येणारे शास्त्रज्ञाचे नाव सरळ. आंब्याचे मँजिफेरा इंडिका तिरके, पण हापूसचे वाणाचे नाव एकेरी अवतरणात सरळ. शास्त्राच्या पुस्तकात तर इटॅलिक अर्थच बदलतो: इटॅलिक एम म्हणजे वस्तुमान, सरळ एम म्हणजे मीटर. एकक कधीही तिरके नाही. निकालपत्रे आणि कायद्याच्या लेखनात खटल्यांतल्या पक्षकारांची नावे इटॅलिक करण्याची रूढी आहे. इटॅलिक परिच्छेदातच एखाद्या शब्दावर भर द्यायचा असेल तर तो शब्द सरळ करा, ठळक नको.

परभाषेतले शब्द इटॅलिकमध्ये टाकण्याच्या नियमाबद्दल थोडे ठाम सांगायला हवे. मुंबईतल्या इंग्रजी मेनूकार्डावर वडापाव आणि थालीपीठ तिरके छापलेले दिसतात, आणि शेजारी पास्ता सरळ. ज्या शहरात हा पदार्थ रोज खाल्ला जातो त्या शहराच्या इंग्रजीत तो परका कसा? वाचक कोण आहे ते बघून ठरवा. इथल्या वाचकासाठी इथला शब्द सरळच ठेवा.

दादरच्या फलाटावरची पाटी तिरक्या अक्षरात नसते याला कारण आहे. अरुंद आतल्या जागा आणि बारीक जोडरेघा लांबून मिटतात. पाटी, सूचना, फॉर्मची रकान्यांची नावे, पत्ते, औषधाची मात्रा इथे इटॅलिक वापरू नये. सलग वाचनाला एक परिच्छेद ठीक, अख्खे पान जड जाते. लावायचेच असेल तर ओळींमधले अंतर अर्धा ते एक पॉइंट वाढवा.

मराठी मजकुराशेजारी

देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरा इटॅलिक नसतो, त्यामुळे बटण दाबले की यंत्र नुसते कलवते. मग काने तिरके होतात आणि शिरोरेघ आडवीच राहते. वेलांटीचा वरचा झोक शेजारच्या अक्षरावर झुकतो, मात्रा आणि रफार आपल्या अक्षरापासून सरकतात, अनुस्वार नेमका कुणाचा ते कळेनासे होते. 'किर्ती' की 'कीर्ती' हे मुद्रितशोधकाला दोनदा बघावे लागते. मराठीत भर द्यायला आपल्याकडे एकेरी अवतरणचिन्ह आहे, जाड ठसा आहे, हवे तर दुसऱ्या वळणाचा फॉन्ट आहे. अक्षरे विरळ करणे हा इंग्रजीतला उपाय मात्र इथे नको, शिरोरेघ तुटते.

संकेतस्थळावर भर दाखवणारा टॅग मराठी मजकुरालाही आपोआप कलवतो. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये मराठी भाषेसाठी वेगळा नियम लिहून फॉन्ट-स्टाइल नॉर्मल आणि जाडी ६०० द्या. शिवाय फॉन्ट-सिंथेसिस बंद ठेवा, म्हणजे ब्राउझर स्वतःहून कलवणार नाही.

दोन भाषांची लग्नपत्रिका हे गिरगाव-काळबादेवीच्या पत्रिकावाल्यांचे रोजचे काम. इंग्रजी बाजूला वधूवरांची नावे इटॅलिकमध्ये शोभतात. मराठी बाजूला त्याची तिरकी नक्कल करू नका. बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक दाखवणारा देवनागरी फॉन्ट घ्या. दोन्हीकडे हाताने लिहिल्याचा गुण आला की जोडी जमते. देवनागरी अक्षराचा शिरोरेघेपासून पायापर्यंतचा भाग इंग्रजी एक्स-उंचीपेक्षा थोडा मोठा दिसेल इतका आकार ठेवा, आणि ओळींचे अंतर जास्त: इंग्रजीत १० पॉइंटच्या अक्षराला १३ पॉइंटची ओळ असेल तर मराठीत १० पॉइंटला १५-१६, वरच्या मात्रा आणि खालचे उकार मावायला.

छापखान्यात जाण्यापूर्वी

फुकट आणि चांगल्या फॉन्टांत ई. बी. गॅरामाँड, जेंटियम, सोर्स सेरिफ आणि लिब्रे बास्करव्हिल यांचे इटॅलिक खरे, नव्याने काढलेले आहेत. कॉर्मोरंट फार सुंदर आहे, पण मोठ्या आकारासाठी. असा नाजूक फॉन्ट १० पॉइंटला पत्त्याच्या ओळीत लावला की काय होते ते गणिताने कळते: २० युनिटांची बारीक रेघ १० पॉइंटला ०.२ पॉइंट, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. छापलेल्या मरून रंगात पांढरे अक्षर उठवायचे असेल तर शाई चहूबाजूंनी आत येते आणि एवढी रेघ मिटते. सोनेरी फॉइलमध्ये उलट, ती कधी उमटत नाही तर कधी शेजारच्या रेघेला जोडली जाते. तोच फॉन्ट २४ पॉइंटला ०.१७ मिलिमीटर देतो. तिथेही छापणाऱ्याला आधी एक नमुना काढायला सांगा. लहान इटॅलिक नेहमी एकाच शाईत, शक्यतो निव्वळ काळ्यात छापा. चार रंगांतून बनवलेल्या तपकिरीत रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हलले तरी बारीक रेघांना रंगीत सावली येते.

छापखानेवाला "फाइल कर्व्ह करून द्या" म्हणतो, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकृत्यांत रूपांतर करून. त्याआधी पीडीएफमधली फॉन्टची यादी बघा, कारण कर्व्ह केल्यावर ती नाहीशी होते. पानावर तिरकी अक्षरे आहेत आणि यादीत फक्त रेग्युलर आहे, तर ती यंत्राने कलवलेली. यादी नसेल तर पानावरचा एखादा लहान ए आणि एफ शोधा. पारंपरिक सेरिफ फॉन्टमध्ये ए दुमजली राहिला असेल आणि एफ बेसलाइनवरच थांबला असेल, तर फाइल परत घ्या, खरा इटॅलिक बसवा आणि ओळी पुन्हा तपासा. त्याची रुंदी वेगळी असल्यामुळे परिच्छेदाची शेवटची ओळ बहुधा सरकलेली असते.